विहिरीपासून फाटकापर्यंत

एस्तेरबाईच्या गाण्याला शेवट नाही, ही तक्रार आमच्या गावात जुनी आहे. चार कडवी आहेत, पाचवं नाही. पाळकांनी मागून पाहिलं, गावातल्या शहाण्यांनी आपापलं पाचवं जोडून पाहिलं, तिनं कुणालाही दाद दिली नाही. मी मात्र मागितलं नाही. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं आहे आणि कविता पुरी करून मागणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आहे.

हे गाणं बसून ऐकायचं नसतं, चालत ऐकायचं असतं. म्हणून आधी ती वाट सांगते.

जामखेडहून खर्ड्याकडे जाताना माळावर आमचं गाव लागतं. गावाच्या वरच्या अंगाला दगडी चर्च आहे आणि चर्चच्या मागे विहीर. विहिरीपासून गाडीवाट ओढ्यात उतरते. ओढ्याला वर्षातून जेमतेम दोन महिने पाणी असतं, पण म्हणतात ओढाच. तो ओलांडला की मोठी चिंच, चिंचेपुढे ज्वारीची रानं, आणि रानांच्या टोकाला लोखंडी फाटक. फाटकाच्या आत ख्रिस्ती लोकांची दफनभूमी.

हिंदूंची तिरडी अर्ध्या वाटेवर टेकवतात, खांदेकरी बदलतात, त्याला विसावा म्हणतात. इथल्या ख्रिस्ती लोकांच्या पणजोबांनी धर्म बदलला, पण खांदे तेच राहिले. त्यांचीही पेटी चिंचेखाली टेकते. मागे एका नव्या पाळकांनी हे बंद करायचं ठरवलं, तेव्हा म्हातारा बन्सी त्यांना म्हणाला होता, "साहेब, पेटी जड अस्ती. धर्माचं मागून बघू, आधी खांद्याचं बघा." पाळकांनी एका पेटीला स्वतः खांदा दिला आणि विषय मिटला.

एस्तेरबाई अंगणवाडीत मदतनीस. पोरांची खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, रडक्यांना काखेत घ्यायची. नवरा तरुणपणीच ट्रकच्या धडकेत गेला. एक मुलगी, प्रार्थना. तिला एस्तेरबाईनं त्या खिचडीवर आणि चर्चच्या झाडलोटीवर वाढवलं. अंगानं काडी, आवाज मात्र घागरीतून आल्यासारखा. तांदूळ निवडत असली की तिला शब्द सुचत. नुसती बसवली तर म्हणायची, "बाई, रिकाम्या हाताला काय सुचतंय? हात चालला म्हंजी तोंड चालतं."

गाणं जन्मलं तिच्या आईच्या मातीला, म्हणजे दफनाच्या वेळी. पेटी चिंचेखाली टेकली होती. माणसं बिड्या ओढत उसाच्या भावाबद्दल बोलत होती. एस्तेरबाईला संताप आला. ती उठली आणि त्या बिड्यांच्या धुरात तिनं म्हणायला सुरुवात केली:

चिंचेच्या सावलीला टेकव ओझं,
तुझं नि माझं एकच गं.

बिड्या विझल्या. पुढच्या मातीला लोकांनी तिला आपणहून पुढे घातलं, आणि हळूहळू वाटेच्या दोन्ही टोकांकडे कडवी वाढत गेली. विहिरीपाशी पहिलं म्हणायचं, मग पेटी उचलायची:

विहिरीच्या काठी पाखरू उतरलं,
चोचीत धरलं आभाळ गं.

ओढ्यात उतरताना दुसरं:

ओढ्याच्या पाण्याला घाई किती घाई,
वळून का बाई पाहीना गं.

मग चिंचेचं. आणि रानातून जाताना चौथं:

कापल्या रानात कणीस न्हाई,
धनी वाट पाही खळ्यात गं.

ओळी ती एकटी म्हणायची. मागच्यांनी फक्त शेवटचा 'गं' उचलायचा. खांद्यावर वजन असताना माणसाला तेवढंच जमतं. फाटक आलं की ती गप्प. आतलं सगळं पाळकांचं.

आमच्या वर्गातल्या पोरांना मी हे गाणं दिलं असतं, तर त्यांनी पाखरू म्हणजे आत्मा, ओढा म्हणजे तारुण्य, असं लिहून मार्क मिळवले असते. चूक नाही. पण एस्तेरबाईच्या डोळ्यांपुढे आधी खरी विहीर होती आणि तिच्या काठावर उतरणारं खरं पाखरू. हल्लीचे पाळक इमॅन्युएलसाहेब, माणूस भला, त्यांना चौथं कडवं फार आवडायचं.

"धनी म्हणजे प्रभूच ना, एस्तेरबाई?"

"धनी म्हंजी धनी. सुगीत खळ्यात बसून वाट बघनारा."

"अहो पण मग पुढे स्वर्गाचं एक कडवं हवं. ख्रिस्ती माणसाचं गाणं फाटकाबाहेर कसं थांबेल?"

"फाटकाच्या आत काय हाय ते तुमी शिकून आलात. मी गेल्ते का तिथं? मी बघितलं तेवढंच म्हनती."

इमॅन्युएलसाहेब हसून सोडून द्यायचे, आणि पुढच्या मातीला पुन्हा विचारायचे.

प्रार्थना या वाटेवरच वाढली. तान्ही असताना आईच्या कडेवर, मग बोट धरून, मग फुलांची टोपली घेऊन सगळ्यांच्या पुढे. माती म्हणजे काय हे कळायच्या आधी तिला चारी कडवी येत होती. पुढे नर्सिंग शिकली, पुण्यात एका मोठ्या दवाखान्यात लागली, तिथल्याच स्टीफनशी लग्न केलं. स्टीफन लॅबमध्ये काम करतो. शांत, भिडस्त, शहरात वाढलेला. गावी आला की त्याला कुठे बसावं तेही कळायचं नाही. लंकाबाई त्याला खुर्ची आणून द्यायची आणि मग त्याच खुर्चीवरून त्याची थट्टा करायची.

लंकाबाई म्हणजे एस्तेरबाईची शेजारीण. एकीच्या दारात तुळस, दुसरीच्या दारावर क्रूस, आणि मध्ये एकच नळ. त्या नळावरून दोघी जन्मभर भांडल्या.

गेल्या नाताळात प्रार्थना आली ती निम्मी होऊन. डोक्याला ओढणी गच्च बांधलेली. छातीतली गाठ तिनं दुसऱ्यांच्या गाठी बघता बघता अंगावर काढली होती. नर्सेस हे करतात, मला त्याचा राग येतो, पण आता कुणावर काढायचा? मी फराळाला गेले होते. ओसरीवर करंज्या चालल्या होत्या. लंकाबाई लाटत होती, एस्तेरबाई कड मुडपत होती, प्रार्थना भिंतीला टेकून नुसती बघत होती.

"आई," ती म्हणाली, "माझ्या वेळेला तूच म्हण हं."

"गप. रांगेत ये. आधी मी, मग तू."

"आणि रांग मोडली तर?"

"रांग मोडनाऱ्याला आमच्या अंगनवाडीत खिचडी मिळत न्हाई."

प्रार्थना हसली, हसताना तिला धाप लागली. "ऐक ना. मला गाडीतून नको नेऊ. दिवसभर दवाखान्यात मी चाकांवरचीच माणसं ढकलते. मला विहिरीपासून ने. खांद्यावर. सगळी वाट."

"आगं ये भवाने," लंकाबाई लाटणं आपटून म्हणाली, "सणाच्या दिवशी हे काय बोलनं? करंजी पाहिजे का तुला, ते सांग."

"नेशील ना, आई?"

एस्तेरबाईनं करंजीची कड पुन्हा पहिल्यापासून मुडपायला घेतली. चांगली मुडपलेली होती. "नेते," ती म्हणाली. "सगळी वाट नेते. खा आता."

प्रार्थना एप्रिलमध्ये गेली. पुण्याच्याच दवाखान्यात. एस्तेरबाई महिनाभर उशाशी होती. शेवटच्या आठवड्यात प्रार्थनानंच तिला हट्टानं गावी पाठवलं. "जा, खड्डा कुठे घ्यायचा ते बघ, बापाशेजारी जागा आहे का बघ," असं म्हणाली. आईनं आपलं मरण बघू नये म्हणून काढलेलं निमित्त होतं. एस्तेरबाईला ते कळत होतं, आणि तरी ती आली.

स्टीफननं फोन करून सांगितलं, सकाळी निघतो, दुपारपर्यंत पोहोचतो. त्यानं इमॅन्युएलसाहेबांना दफनभूमीचं लोकेशन विचारलं. त्यांनी पाठवलं. नाताळातलं बोलणं स्टीफनला कुणी सांगितलेलं नव्हतं. यात चूक शोधायला गेलं तर सापडत नाही. आमच्या गावात दफनभूमीला जाणं म्हणजे चर्चपासून चालत जाणं. तिथे दुसऱ्या बाजूनं कुणी पोहोचू शकतं, हे पाळकांसकट एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही. नवा रस्ता दफनभूमीच्या मागच्या भिंतीला घासून जातो, त्या भिंतीतही एक फाटक आहे, रोज आम्ही त्यावरून जामखेडला जातो, आणि तरी नाही आलं.

सगळं गाव चर्चपाशी जमलं होतं. ख्रिस्ती तर होतेच, पण सहादेव पाटील आणि त्याच्या घरचेही होते, लंकाबाईच्या सुना होत्या. ऊन असं की चर्चच्या पायऱ्यांना हात लावता येत नव्हता. खांदेकरी ठरले होते. एस्तेरबाई पांढरं लुगडं नेसून विहिरीच्या कठड्याला धरून उभी होती. रडत नव्हती. ओठ हलत होते. मला वाटलं, देवाला विनवते आहे. लंकाबाई म्हणाली, "न्हाई बाई, गानं पक्कं करती. येड्यासारखं सकाळपासून तेच चाललंय. म्हनती मधीच इसरले तर पोरगी काय म्हनंल."

वेळ जात होती. मग इमॅन्युएलसाहेबांचा फोन वाजला. ते बोलले, आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला.

"कुठे आहात?... कुठल्या फाटकापाशी?... अहो, पण..."

एस्तेरबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. "काय झालं?"

"गाडी तिकडे गेली, एस्तेरबाई. मागच्या रस्त्यानं. थेट दफनभूमीत."

ती चालायला लागली. विहिरीपासून ओढा, ओढ्यातून चिंच, चिंचेवरून रान. एकही ओळ न म्हणता ती वाट तिनं त्या दिवशी पहिल्यांदा चालली असेल. तरणी माणसं तिच्यामागे धावत होती. मी काठी टेकत सगळ्यांत मागे.

मी पोहोचले तेव्हा पेटी खड्ड्यात होती.

त्यांचंही चुकलं नव्हतं. स्टीफनबरोबर पुण्याचे एक पाळक आले होते, त्यांना संध्याकाळी परतायचं होतं. गाडीवाल्यांनी उन्हात पेटी ठेवू नका म्हणून घाई केली. खड्डा खणणारे दोघे तिथेच होते. फाटकात कोणी दिसेना, तेव्हा त्यांना वाटलं, गावाकडचे लोक वाटेत असतील, तोवर पेटी सावलीत म्हणजे खड्ड्यातच ठेवू. त्यांनी दोरावर सोडली आणि दोर काढून घेतले. आणि आमच्याकडे दोर निघाले की पेटी वर येत नाही. मेलेल्याला दोनदा उचलत नाहीत. हा नियम बायबलात नाही, कुठेच नाही, पण तो मोडलेला मी पाहिलेला नाही.

स्टीफन मातीच्या ढिगाजवळ खाली बसला होता. बूट, पँट सगळं धुळीत. "आई, मला वाटलं तुम्ही सगळे इथेच असाल. लोकेशन इथलंच होतं."

"व्हय," एस्तेरबाई म्हणाली. ती खड्ड्याच्या काठाशी उभी राहिली. "झाकन बंद हाय?"

"तिथेच बंद केलं, आई. उघडू नका म्हणाले."

"तुमी बघितलं ना तिला?"

"हो."

"मग बास झालं."

इमॅन्युएलसाहेब पुढे आले. "एस्तेरबाई, चूक माझी आहे. मला कळायला हवं होतं. पण आता इथूनच म्हणा. इथेच म्हणा सगळी कडवी. प्रार्थना ऐकेल."

"हितं म्हनायचं गानं न्हाई ते, साहेब." तिचा आवाज अगदी साधा होता. "माती टाकली का कुनी?"

"नाही. तुमच्यासाठी थांबलो आहोत."

"मग आजून जरा थांबा."

ती वाकली. ढिगातली मूठभर माती तिनं उजव्या हातात घेतली, मूठ बंद केली, आणि फाटकातून बाहेर पडली.

"आगं, कुठं निघाली?" लंकाबाई ओरडली.

"पोरीला आनायला."

पुण्याच्या पाळकांनी घड्याळ बघितलं. लंकाबाईनं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी हात खिशात घातला. मग ती एस्तेरबाईच्या मागे धावली. "चप्पल तरी घाल! पाय भाजतील! ही बया कधी कुनाचं ऐकलीय का?" खड्डा खणणारे तिथेच राहिले, फावडी आडवी टाकून. पुण्याचे पाळकही राहिले. बाकी सगळे निघाले, अगदी स्टीफनसुद्धा. इतकी माणसं एका बंद मुठीमागून चालताना मी जन्मात पाहिली नव्हती.

विहिरीपाशी एस्तेरबाई थांबली. मूठ कठड्यावर टेकवली, पेटी टेकवतात तशी. श्वास घेतला. आणि पाखरू उतरलं, चोचीत आभाळ धरलं. आवाज स्वच्छ होता. आम्ही 'गं' उचलला. तिनं मूठ उचलून छातीशी धरली आणि वळली.

ओढ्यात उतरताना तिनं दुसरं सुरू केलं. ओढा ठणठणीत कोरडा, गोटे तापलेले. प्रार्थना लहानपणी आईला चिडवायची, "तुझ्या गाण्यात पाण्याला घाई आहे, आपल्या ओढ्यात आधी पाणी तर आण." मला तेच आठवत होतं. तिलाही तेच आठवलं असावं. 'घाई किती घाई' इथपर्यंत ती आली आणि आवाज तुटला. दुसरी ओळ येईना. तोंड उघडं, आवाज नाही. आम्हाला फक्त 'गं' म्हणायचं ठाऊक. सगळे गोट्यांवर तसेच उभे.

आणि लंकाबाईनं ती ओळ म्हटली. बेसूर, नळावर भांडायच्या आवाजात: "वळून का बाई पाहीना गं!"

एस्तेरबाईनं तिच्याकडे पाहिलं. "चाल चुकली."

"तू गप पडली मनून म्हनले. मला काय हौस हाय? चल."

चिंचेखाली एस्तेरबाई मुळीवर बसली. बंद मूठ मांडीवर. तिसरं कडवं तिनं हळू, जवळजवळ बोलल्यासारखं म्हटलं. घामानं बोटांच्या फटींतून तांबूस ओघळ मनगटावर आले होते. उठायची वेळ झाली तरी ती उठेना. मला वाटलं, आता ती इथून हलणार नाही, आणि तिला हलवायचा हक्क आमच्यातल्या कुणालाच नाही.

लंकाबाई तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं तळहात पुढे केला. "दे."

"काय?"

"इसाव्याला खांदा बदलायचा अस्तो. एकट्यानं फाटकापातूर न्यायची रीत न्हाई आपल्यात."

एस्तेरबाईनं त्या तळहाताकडे पाहिलं. मग तिनं बोटं उघडली. माती सांडली नाही. मुठीत दाबून तिचा गोळा झाला होता, त्यावर बोटांचे ठसे होते. तो तिनं लंकाबाईच्या हातावर ठेवला. लंकाबाईनं पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि ती चालू लागली.

पुढची वाट एस्तेरबाई मागून चालली, रिकाम्या हातांनी. चौथं कडवं तिनं मागूनच म्हटलं. ज्वारी काढून झालेली होती, नुसती धसकटं. माती लंकाबाईकडून सहादेवकडे गेली, सहादेवकडून त्याच्या सुनेकडे, मग माझ्याकडे. गरम होती. वजन असं काही नव्हतं, पण मी काठी शेजारणीला दिली आणि दोन्ही हातांनी धरली. माझ्याकडून इमॅन्युएलसाहेबांकडे. फाटकाच्या थोडं अलीकडे त्यांनी ती स्टीफनच्या हातात ठेवली.

फाटक आलं आणि गाणं थांबलं, नेहमी थांबतं तसं. इमॅन्युएलसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मला त्यांची सवय ठाऊक आहे, मी मनात म्हटलं, आता विचारलंत तर बघा. त्यांनी विचारलं नाही.

खड्ड्याशी स्टीफनला काय करावं कळेना. तो मातीचा गोळा पुढे करून एस्तेरबाईला म्हणाला, "आई, तुम्ही."

"दोघं मिळून." तिनं त्याच्या हाताखाली आपला हात धरला. दोघांनी हात उलटे केले.

कोरडी माती पेटीवर पडली की सळसळते. ही सळसळली नाही. दारावर कुणी एकदाच थाप मारावी तशी वाजली. स्टीफन तेव्हा पहिल्यांदा रडला. एस्तेरबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि खड्डा भरेपर्यंत तिथून हलली नाही.

त्यानंतर तिनं अंगणवाडी सोडली नाही. खिचडी शिजवते, नाकं पुसते. तांदूळ निवडते, पण तोंड मिटून. लंकाबाई नळावर भांडण उकरून काढते, ती भांडत नाही, आणि त्याचाच लंकाबाईला जास्त त्रास होतो. "बाई, तुमी तरी सांगा तिला," ती मला म्हणते. "मी तिच्या आधी पानी भरते, वर शिव्या देते, तर नुसती बघती." मी काय सांगणार? शहाणपण सांगून दुःख कमी झालेलं मी पाहिलेलं नाही. मी दुपारची तिच्याकडे जाते आणि निम्मे तांदूळ माझ्या सुपात घेते. खडे मला दिसत नाहीत, ती पुन्हा निवडते.

पावसाळ्याच्या अखेरीस म्हातारा बन्सी गेला, तोच, खांद्याचं आधी बघा म्हणणारा. लोकांना वाटलं, एस्तेरबाई आता यायची नाही. ती आली. विहिरीपाशी पहिलं कडवं म्हटलं आणि लोकांनी पेटी उचलली. ओढ्याला त्या दिवशी पाणी होतं, घोट्याएवढं, खळखळ पळणारं. तिनं पहिली ओळ म्हटली आणि थांबली. दुसरी म्हणाली नाही. लंकाबाईनं सुरुवात केली आणि सगळ्यांनी ती ओळ म्हटली, जमेल तशा चालीत.

तेव्हापासून तसंच आहे. ती ओळ ती म्हणत नाही, आम्ही म्हणतो. पाचवं कडवं अजून नाही. आणि आम्ही म्हणत असतो तेव्हा, ओढ्यात उभी राहून, ती एकदा मागे वळून बघते, विहिरीकडे.